किलुंबेचा मणी

मासेंगो पाटीला तेल लावायला बसली की तिच्याशी कुणी बोलायचं नाही, असा त्या घराचा दंडक होता. ताडाच्या तेलाचे चार थेंब, मऊ सालीचं फडकं आणि दारातला उजेड. तेल लाकडालाच लागलं पाहिजे. मण्याला लागलं तर पुढच्या वाचनात बोट घसरतं, आणि बोट घसरलं की एखादा राजा आपल्या बापाआधी जन्माला येतो. शेजारच्या मुलखातल्या एका वाचकाचं असं खरंच झालं होतं म्हणतात. मासेंगो ती गोष्ट सांगताना कधी हसत नसे.

तिच्या लोकांत त्या पाटीला लुकासा म्हणत. वीतभर लांबीची, कंबरेत बारीक, डाव्या पंजात बरोबर बसेल अशी लाकडी फळी. वरच्या अंगाला लोखंडी टाचण्यांनी ठोकलेले मणी आणि शिंपले, खालच्या अंगाला कासवाच्या पाठीवर असतात तशा रेघा. मोठा पांढरा मणी म्हणजे पहिला राजा. त्याच्या भोवतीचं बारक्या मण्यांचं कडं म्हणजे त्याचा दरबार. ओळीने लावलेले मणी म्हणजे वाट, कोरलेली रेघ म्हणजे पाणी. उजव्या हाताचं पहिलं बोट त्यावरून फिरवत वाचायचं, आणि वाचायचं म्हणजे गायचं. म्बुद्ये या पाटीवाचकांच्या मंडळात अकरा वर्षं शिकल्यावर ही पाटी मासेंगोच्या हाती आली होती. त्यालाही आता वीस वर्षं होत आली.

भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता. मंडळातले काही म्हातारे पाटीशी कुजबुजायचे, तिला पिठाचा घास दाखवायचे. मासेंगोला त्या सगळ्याचा कंटाळा होता. मिशनच्या शाळेत दगडी पाटी असते, तशी ही मोठ्या माणसांची पाटी, फरक एवढाच की ही पुसता येत नाही, असं ती म्हणायची. तिच्या दृष्टीने नियम दोनच. बोटाला जे लागेल ते गाळायचं नाही. बोटाला जे लागत नाही ते म्हणायचं नाही. हे दोन पाळले की वाचणाऱ्याला कुणाच्या बापाला भ्यायचं कारण नाही.

त्या दिवशी बाजार होता, आणि दंडक मोडायचा हक्क असलेली एकच व्यक्ती दारात येऊन उभी राहिली.

"अजून तेलच चाललंय का? पाटीला एवढं तेल, लेकीच्या डोक्याला कधी लावलंस का गं?"

उंबा. मासेंगोची मुलगी. दोन मुलगे लांब तांब्याच्या खाणीवर कामाला गेले ते गेलेच. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. जवळ राहिलेली ही एकटीच, तीही पाण्यापलीकडे किलुंबेत दिलेली. दर बाजाराला ती होडीतून यायची, धुरावलेल्या मांगूर माशांची टोपली आणायची आणि आईच्या परसातल्या मिरच्या तोडून न्यायची. हसायला लागली की वाक्य पुरं करणं तिला जमत नसे.

"बस. उभ्याने बडबडू नकोस," मासेंगो म्हणाली.

"आमच्याकडे आत्तापासूनच नाच सुरू झालेत, आई. म्हणतात, वाचणारी आपली विहीण, पाटी आपल्या बाजूची."

"पाटी कुणाच्या बाजूची नसते."

"तेच तर! म्हणून तर नाचतायत." उंबा हसायला लागली. "सुनावणी झाली की तू माझ्याकडेच राहायला ये बाई. तुझं कापांदा उपाशी पडलं की तुला कोण विचारणार?"

मासेंगोने फडकं घडी करून ठेवलं. लेक चेष्टेत म्हणाली होती, पण ते खोटं नव्हतं.

कापांदा आणि किलुंबे या दोन गावांच्या मधे कायुंबो नावाचा डोह होता. मोठी नदी पावसाळ्यात पसरायची, मग उन्हाळी ओसरताना मासे मागे सोडून जायची, ते सगळे या डोहात. दोन्ही गावं तिथे पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून टोपल्या लावत आली होती. भांडणं व्हायची, डोकी फुटायची, पुढच्या बाजारात पुन्हा ताडी एकत्र प्यायची. पण गेल्या दोन वर्षांत पाणी फार खाली गेलं होतं. एका होडीचा तळ फोडला गेला, मग एका माणसाचा हात मोडला, आणि नव्या राजाने सांगून टाकलं की दोघांना पुरेल एवढं पाणी आता नाही, जे गाव आधी आलं त्याचा डोह, दुसऱ्याने हात लावायचा नाही. पाटी वाचून ठरवा.

आणि पाटीवर तिसऱ्या ओळीच्या टोकाला, पाण्याच्या रेघेला चिकटून एक निळा मणी होता. किलुंबेचा मूळपुरुष. कायुंबोच्या काठी पहिली चूल त्याने पेटवली. कापांदाची माणसं त्यानंतर आली, पाहुणी म्हणून आली, आणि राहिली.

उंबा गेल्यावर मासेंगोचा धाकटा भाऊ कितेंगे आला. कापांदाचा गावप्रमुख. पोट सुटलेला, तोंडाळ, आणि सगळ्या गावाचा लाडका. आज त्याने दारात पाय ठेवताना एकही विनोद केला नाही, तेव्हाच तिने ओळखलं.

"मी खोटं म्हणणार नाही," ती आधीच म्हणाली.

"खोटं म्हण असं म्हणालं कोण? चल जरा माझ्याबरोबर."

तो तिला घाटावर घेऊन गेला. बायका टोपल्या उपसत होत्या. एकेका टोपलीत बोटाएवढे मासे, ओंजळभर. कुणी ओरडत नव्हतं, कुणी कुणाची टोपली बघत नव्हतं. कापांदाच्या घाटावर एवढी शांतता मासेंगोने कधी ऐकली नव्हती.

"साठ चुली आहेत, ताई. किलुंबेला डोहाशिवाय नदीही आहे. आपल्याकडे काय आहे? हा डोह, आणि तुझी पाटी."

"माझं बोट तिथे लागलं की मला म्हणावं लागतं."

"लागलं तर." तो पाण्याकडे बघत होता. "मणी पडतात की नाही? गेल्या साली तूच दोन पुन्हा ठोकलेस."

"पडलेला मणी मी त्याच दिवशी बसवते."

"मग हा चार दिवस उशिरा बसव. एवढंच मागतोय. तू खोटं बोलायचं नाही, गाळायचं नाही. बोटाला लागलंच नाही तर तू तरी काय करशील?"

मासेंगोला लाज वाटली. पण लाजेहून जास्त राग आला, आणि तो भावाचा नव्हता, त्या निळ्या मण्याचा होता. एका माणसाने कधीकाळी चार काटक्या पेटवल्या म्हणून साठ चुली विझवायच्या?

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने दार लोटून घेतलं आणि आरी काढली. वीस वर्षं न हललेली टाचणी एका झटक्यात वर आली. मागे भोक राहिलं, त्यात तिने मेण भरलं, मेणावर काजळी चोळली, आणि वर बोट फिरवून पाहिलं. गुळगुळीत. मणी लुगड्याच्या टोकाला गाठ मारून बांधला. मग बुकारीसाठी, रोजच्या पिठाच्या उकडीसाठी, पाणी ठेवलं, कारण संध्याकाळ व्हायला आली होती आणि भूक लागली होती.

जेवून अंगणात आल्यावर तिची नजर सवयीने पाण्यापलीकडे गेली. रोज या वेळी किलुंबेच्या चुलींचा धूर काठच्या पपायरसच्या लव्हाळ्यावर निळसर पट्ट्यासारखा तरंगत असायचा. आज पलीकडे नुसता हिरवा काठ होता. वारा तिकडचा असेल, असं म्हणून ती आत गेली.

सुनावणीला कापांदाच्या नऊ होड्या गेल्या. राजाच्या गावी अंगण झाडून पाणी शिंपडलं होतं. राजा बिबळ्याच्या कातड्यावर बसला होता, शेजारी मंडळाचा सर्वांत जुना वाचक, मोंगा. त्याला दिसत नव्हतं, पण त्या मुलखातल्या सगळ्या पाट्या त्याला तोंडपाठ होत्या. वाचणाऱ्याचं चुकलं तर टोकायचं, हे त्याचं काम. मासेंगोला आदल्या रात्री झोप लागली नव्हती ती त्याच्या भीतीने.

तिने हाताला पांढरी माती लावली आणि समोर पाहिलं. कापांदाची माणसं डावीकडे चटयांवर बसली होती. उजवीकडे चटया अंथरलेल्याच नव्हत्या.

"सुरू करा," राजा म्हणाला.

"राजेसाहेब, दुसरा पक्ष यायचाय अजून."

राजाने तिच्याकडे पाहिलं, मग शेजारच्या कारभाऱ्याकडे. "दुसरा कोणता? कापांदाच्या डोहाचं वाचन आहे ना आज?"

किलुंबेवाले रुसून बसले असतील, किंवा राजाचं आणि त्यांचं आधीच बिनसलं असेल, असं तिला वाटलं. तिने पाटी डाव्या पंजात धरली आणि गायला सुरुवात केली. पहिला राजा, दुसरा राजा, नदी ओलांडली ती जागा. तिसरी ओळ. बोट मेणावरून सरकलं, कुठे अडलं नाही, आणि पुढच्या मण्यावर गेलं. तिथे कापांदा होतं.

मोंगाने मान डोलावली.

सगळं आटोपल्यावर ती त्याच्यापाशी जाऊन बसली. "आजोबा, तिसऱ्या ओळीनंतर काही राहिलं का माझं?"

"काय राहील? दरवेळी म्हणतेस तेच म्हणालीस. आवाज मात्र बसलाय तुझा. आलं चावत जा."

"किलुंबेचं नाव?"

"कोण किलुंबे?" म्हाताऱ्याने आपला आंधळा चेहरा तिच्याकडे वळवला. "नवं शिकलीस का कुठे?"

खोटं बोलताना मोंगाच्या उजव्या हाताची बोटं आवळली जातात, हे ती ओळखून होती. त्याची बोटं मांडीवर सैल पडली होती.

परतताना होड्यांमधून गाणी चालली होती. कितेंगे वल्ह्याने होडीच्या कडेवर ताल धरत होता.

"खूश झालास ना?" मासेंगो हळूच म्हणाली. "आता मी उंबाला तोंड कसं दाखवू ते सांग."

"कोण उंबा?"

"चेष्टा पुरे."

"अगं कोण? वरच्या आळीची ती तोतरी उंबा? ती तर कधीच गेली." त्याने ताल थांबवला. "ताई, ऊन लागलंय का तुला? डोक्यावर फडकं घे."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. चेष्टा करताना कितेंगेच्या ओठाचा डावा कोपरा आधी हलतो. तो हलला नव्हता. त्याच्या डोळ्यांत खरीखुरी काळजी होती.

घरी भावजयीला विचारलं. उंबाच्या जन्माच्या वेळी हीच भावजय रात्रभर मासेंगोची पाठ चोळत बसली होती.

"मुलगी?" भावजय म्हणाली. "वन्सं, तुम्हाला दोन मुलगेच ना." तिने भोपळ्याच्या तुंब्यात पाणी आणून दिलं आणि ते पिऊन होईपर्यंत शेजारी बसून राहिली.

सकाळी मासेंगोने एकटीने होडी काढली.

डोह शांत होता. किलुंबेच्या घाटाकडे जाणारा पाण्यातला रस्ता, होड्या ये-जा करून पपायरसमधे पडलेला, तिला डोळे मिटूनही सापडला असता. तो नव्हता. पपायरस सलग उभा होता, दोन पुरुष उंच. तिने वल्ह्याने तो दाबत दाबत होडी आत घातली. देठ मोडताना ओला, कुजट वास येत होता. एकही पक्षी उडाला नाही.

काठाला चिंच होती. ती चिंच तिने ओळखली. किलुंबेच्या होड्यांच्या दोऱ्या पिढ्यान्‌पिढ्या तिच्या मुळाला बांधल्या जायच्या, त्यामुळे मुळावर बोटभर खोल चरे पडले होते. मासेंगोने वाकून मूळ चाचपलं. सालीवर ओरखडासुद्धा नव्हता.

चिंचेपलीकडे गवत होतं, वारुळं होती, आणि पुन्हा गवत. गाव उठून गेलं तर मागे काहीतरी राहतं. चुलीचे दगड, राखेचे ढीग, फुटकी मडकी, निदान पायांनी घट्ट झालेली जमीन. इथली माती भुसभुशीत होती. तिचे पाय घोट्यापर्यंत रुतत होते. वीस पावलं गेल्यावर तिने मागे वळून पाहिलं, तर त्या सबंध जागेत पावलांची एकच रांग होती.

तिने हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण "ए पोरी" अशी हाक मारतोय. नाव आठवायला तिला श्वास रोखून उभं राहावं लागलं.

उंबा.

ती होडीत बसली आणि मोठमोठ्याने म्हणू लागली, जसं तिला मंडळात म्हणायला शिकवलं होतं तसं. उंबा, माझी मुलगी. पहाटे झाली, पायाळू झाली. गुडघ्यावर कोयत्याची खूण. हसली की वाक्य पुरं होत नाही. उंबा, माझी मुलगी. कापांदाच्या घाटाला लागेपर्यंत ती एकदाही थांबली नाही. घाटावरच्या बायका बाजूला सरून तिला वाट देत होत्या.

घरी आल्याबरोबर तिने आरी घेतली. कितेंगे मागोमाग आलाच. अख्ख्या गावाने त्याला सांगितलं होतं.

"ताई, काय करतेस? काल वाचन झालं, सगळं बरं झालं, आता त्या पाटीला कशाला टोचतेस?"

तिने लुगड्याची गाठ सोडून मणी तळहातावर धरला. "हा काढायला तू लावलास मला."

"मी?" तो वाकून मण्याकडे बघू लागला. "कसला मणी आहे हा?"

तिला त्याची दया आली, आणि स्वतःची चीड आली. साठ चुली तिला दिसत होत्या. टोपल्यांतले बोटाएवढे मासे दिसत होते. हा मणी बसला की डोह जाणार, आणि कापांदाचा डोह घालवणारी म्हणून तिचं नाव राहणार.

"जाऊ दे पाणी," ती म्हणाली. "तू जा बाहेर, कितेंगे. दार ओढून घे."

मणी बसवताना त्याचं जे काही असेल ते सगळं मोठ्याने म्हणायचं, असा मंडळाचा रिवाज होता. जे म्हणायचं राहील ते बाहेर राहील, असं तिला शिकवणाऱ्या काकांनी बजावलं होतं. पाठांतर नीट व्हावं म्हणून घातलेली धमकी आहे, असं तेव्हा तिला वाटलं होतं. पडलेले मणी बसवताना तिने बऱ्याचदा निम्मं म्हणूनच टाचणी ठोकली होती.

या वेळी तिने मेण कोरून काढलं, भोकावर मणी टेकवला, आणि म्हणायला लागली.

मूळपुरुषाचं म्हटलं. पहिली चूल म्हटली. त्याच्यामागचे सात प्रमुख म्हटले. मग जे त्या मण्यात कधीच नव्हतं ते म्हणायला लागली. उंबा म्हटली, जन्मापासून परवाच्या बाजारापर्यंत, तापात बडबडलेली, मिरच्या तोडताना डोळे चोळणारी, आईला टोमणे मारणारी, काही म्हणजे काही गाळलं नाही. जावई म्हटला. बान्झा त्याचं नाव, रुंद पाठ, वल्हं मारताना डावा खांदा थोडा खाली. विहीणबाई म्हटल्या, त्यांचा दमा म्हटला. बाजारात भेटणाऱ्या चार बायका म्हटल्या. चिंच, घाट, कोंबड्या.

"आणि बाकीचे सगळे," ती शेवटी म्हणाली, कारण बाकीच्यांची नावं तिला माहीत नव्हती. मग टाचणी ठोकली.

घसा इतका सोलवटला होता की पाणीही गिळवेना. ती तिथेच भिंतीला टेकून झोपली.

सकाळी अंगणात कितेंगे कुणाला तरी शिव्या देत होता. ती धडपडत बाहेर आली. पाण्यापलीकडे पपायरसच्या वर निळसर धूर होता.

"आले मेले!" कितेंगे तिला म्हणाला. "बघ, आपल्या बांधापर्यंत होड्या आणल्यात. परवा सुनावणी आहे म्हणून राजाचा माणूस आत्ताच सांगून गेला, आणि यांना तोवर धीर नाही."

"परवा सुनावणी?"

"विसरलीस? ताई, आता तुझ्याच हातात आहे सगळं. आणि आधीच सांगतो, तू खोटं म्हणावंस असं मी म्हणत नाहीये." तो थांबला आणि घाटाकडे बघत त्याने मान खाजवली. "पण आज यांचं काय बिघडलंय कळत नाही. भांडतच नाहीत. मी शिवी दिली की तीच शिवी परत देतात. मी गप्प बसलो की तेही गप्प. भांडणात काही मजाच राहिली नाही."

मासेंगोने ते धड ऐकलंही नाही. तिला धूर दिसत होता, तेवढं पुरे होतं. परवा पाटीवर जे लागेल ते ती वाचणार होती. डोह गेला तर गेला.

दुपारी उंबा आली. तशीच, टोपली डोक्यावर, गुडघ्यावर कोयत्याची खूण. मासेंगोने तिला पोटाशी धरलं आणि ढसाढसा रडली.

"अगं आई, हे काय? चार दिवसांपूर्वी तर भेटलो." उंबा हसायला लागली आणि पुढचं वाक्य तिला पुरं करता आलं नाही. ते अर्धं वाक्य ऐकून मासेंगोचा जीव खाली पडला.

दोघी भुईमुगाच्या शेंगा सोलत बसल्या. उंबाने पायाळू जन्माची गोष्ट काढली, तापातली बडबड काढली, मिरच्या तोडताना डोळे चोळल्याची आठवण काढली. सासूचा दमा कसा आहे ते सांगितलं. मासेंगो ऐकत होती. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"आणि काल काय शिजवलंस?" तिने सहज विचारलं.

उंबाचे हात थांबले. ती आईच्या तोंडाकडे बघू लागली. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे.

"काय गं?" मासेंगो म्हणाली. "मांगूर केलास का?"

"हो, मांगूर," उंबा लगेच म्हणाली, आणि तिचा चेहरा मोकळा झाला. "मांगूर केला होता."

"कसा झाला?"

उंबा पुन्हा तिच्या ओठांकडे बघत राहिली. अंगणात ऊन कडक होतं. मासेंगोच्या मांडीवरच्या शेंगा एकेक करून खाली घसरत होत्या, तिने त्या उचलल्या नाहीत.

घाटावर जावई होडीत पाठ करून बसला होता. त्याचं काही चुकत नव्हतं. त्यांच्या लोकांत सासूने जावयाचं तोंड बघायचं नसतं, जावयाने सासूसमोर यायचं नसतं. नऊ वर्षं तो असाच यायचा, पाण्याकडे तोंड करून थांबायचा आणि बायकोला घेऊन जायचा.

उंबाने मिरच्या पदरात घेतल्या. दोन पावलं गेली आणि परत आली. घाटाकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"आई, एक विचारू? हसू नकोस."

"विचार."

"सकाळपासून मी त्यांच्या सगळ्या बाजूंनी फिरून पाहिलं. कुठूनही गेले तरी मला पाठच दिसते." तिने आईचा हात धरला. तिची नजर आईच्या ओठांवर होती. "त्यांचा चेहरा कसा आहे, सांग ना."